सर्पगंधा, खाजकुयली आणि डोपामिन

कंपवातात, म्हणजे पार्किन्सनच्या आजारात, स्नायूंमधले बळ बहुतांशी शाबूत असते. हरवते ती हालचाल सुरू करण्याची आणि तिला वेग देण्याची क्षमता. हात थरथरतो, तोही बहुधा स्वस्थ असताना. पाऊल आखूड पडते, अंग ताठरते, अक्षर बारीक होत जाते. मढच्या कोळीवाड्यात जाळे विणणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याला हा आजार जडला, तर गाठ कशी मारायची हे तो विसरत नाही. हाताला हुकूम मात्र उशिरा आणि अपुरा पोचतो.

हुकूम निघतो मेंदूच्या वरच्या थरातील मोटर कॉर्टेक्समधून. कोणती हालचाल सोडायची आणि कोणती रोखायची, यात खोलवरच्या बेसल गँग्लिया या पेशीपुंजांचा वाटा मोठा असतो. त्यांना डोपामिन पुरवतात मध्यमेंदूतील सब्स्टॅन्शिया नायग्रा या काळसर पट्ट्यातील पेशी. या पेशी वर्षानुवर्षे मरत जातात आणि डोपामिन निम्म्याहून बरेच खाली आल्यावरच लक्षणे उघडी पडतात. मग बेसल गँग्लियाचा लगाम आवळला जातो आणि थॅलॅमसमार्फत मोटर कॉर्टेक्सला मिळणारी चालना घटते.

हे सारे उलगडले त्यात मुंबईचाही धागा आहे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधेचा प्रयोग करून १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निष्कर्ष मांडले आणि या मुळीकडे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वळले. तीन वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले गेले. औषध गुणकारी होते, पण जास्त मात्रेत काही रुग्णांना चक्क कंपवाताची लक्षणे दिसू लागली. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रेसर्पिन देऊन ससे निश्चल केले आणि लेव्होडोपा टोचताच ते पुन्हा हिंडू लागले. रेसर्पिनमुळे मेंदूतील डोपामिनचा साठा रिता होतो आणि लेव्होडोपापासून डोपामिन बनते, हे त्यामागचे कारण. पुढे १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकिएविच यांनी कंपवाताने मरण पावलेल्यांच्या मेंदूत हीच उणीव दाखवली. १९६७ मध्ये जॉर्ज कॉट्झियास यांनी तोंडाने मोठी मात्रा देऊन उपचार यशस्वी केला. थेट डोपामिन देऊन भागत नाही, कारण रक्तातून ते मेंदूत शिरत नाही.

गंमत अशी, की लेव्होडोपाही इथल्या झुडपांत वाढतो. कोकणात कुंपणांवर चढणाऱ्या खाजकुयलीच्या शेंगांची लव अंगाला लागली की जीव नकोसा होतो, पण तिच्या बियांत हेच द्रव्य असते. १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते वेगळे केले. डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये कंपवाताच्या रुग्णांवर या बियांचा वापर प्रसिद्ध केला. १९९५ मध्ये एचपी-२०० या बियांच्या चूर्णाची ६० रुग्णांवर १२ आठवड्यांची चाचणी जाहीर झाली. अर्थात कुंपणावरची शेंग कुटून खाणे हा उपचार नव्हे. बियांतील प्रमाण सारखे नसते, आणि गोळीत लेव्होडोपाला कार्बिडोपासारख्या द्रव्याची जोड असते, ती बियांत नाही. ही जोड नसेल तर बराचसा लेव्होडोपा मेंदूबाहेरच खर्ची पडतो आणि मळमळ वाढते.

बराच काळ डोपामिनचे काम बेसल गँग्लियापुरतेच मानले जाई. पण मध्यमेंदूतून काही तंतू थेट मोटर कॉर्टेक्समध्येही जातात, माणसात तर उंदरांपेक्षा दाट. कंपवातात हे तंतूही विरळ होतात. २००९ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी उंदरांच्या मोटर कॉर्टेक्समधील हे तंतू नष्ट केले. पंजाने अन्नाची गोळी उचलण्याचे नवे कसब त्या उंदरांना नीट शिकता येईना. आधी शिकलेले कसब मात्र टिकले, आणि लेव्होडोपा दिल्यावर शिकणे सुधारले. याचा अर्थ हालचाल चालवणे आणि ती शिकणे ही वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्यासाठी कॉर्टेक्समध्येच डोपामिन लागते.

कॉर्टेक्समध्ये दुसराही बिघाड दिसतो. सेकंदाला १३ ते ३० आवर्तनांची बीटा लय एरवी हालचालीच्या वेळी ओसरते; कंपवातात बेसल गँग्लिया आणि कॉर्टेक्समधली ती अडकून राहते आणि औषधाने उतरते. म्हणूनच चालण्याचा व्यायाम किंवा नवे तंत्र शिकवणे शक्यतो औषधाचा अंमल असताना योजतात.