नवी बॅटरी टाकली आणि गाडीचं डोकं फिरलं

येवल्याहून बोलतोय. मागून खटखट आवाज येत असेल तर तो शेजारच्या मागाचा आहे. पैठणीची ऑर्डर आहे, माग काही थांबणार नाही, सांभाळून घ्या.

आजचा विषय बऱ्याच घरांतला. गाडीची बॅटरी बदलली आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी वेगळीच वागायला लागली. सेल्फ मारला की नुसतं टक-टक. किंवा चालू होते, पण डॅशबोर्डवर दिवाळी. किंवा रात्री उभी केली की सकाळी मेलेली. मग घरात एकच वाक्य ऐकू येतं, "अरे, बॅटरी तर नवीन आहे ना!"

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. आमच्या कामात एक सवय लागते. कालपर्यंत चालत होतं आणि आज बंद पडलं, तर आधी शेवटचा हात कशाला लागला ते बघायचं. इथे हात लागला बॅटरीला, तिच्या दोन खुंट्यांना आणि त्यावर बसणाऱ्या दोन क्लॅम्पना. पहिला संशय तिथेच घ्यायचा.

माझ्या मामाचंच सांगतो. घरात दोन माग आहेत, आणि तयार पैठण्या तो स्वतःच्या जुन्या पेट्रोल गाडीतून नाशिकला पोचवतो. लग्नसराई, एका घरचा बस्ता ठरलेला, आणि आदल्या दिवशी गाडी रुसली. बॅटरी दोनच दिवसांपूर्वी टाकलेली. हॉर्न जोरात, आतला दिवा लख्ख, पण सेल्फला टक-टक. मध्येच एकदा चालू झाली तर पॉवर स्टिअरिंगचा दिवा लागला. एका गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, पाच कोड निघाले, आणि निदान झालं: ईसीएम गेला, बावीस हजार. बावीस हजार म्हणजे मागावर किती दिवस बसणं, हा हिशोब मामाला तोंडपाठ आहे. तो काही बोलला नाही, फक्त मला फोन केला.

मला तो पाच कोडांचा आकडाच खटकला. पाच वेगवेगळे भाग एका रात्रीत मरत नाहीत. त्या पाचांना वीज पुरवणारी वाट खराब झाली असेल, हे जास्त पटण्यासारखं आहे. व्होल्टेज खाली गेलं की प्रत्येक कंट्रोलर आपापली तक्रार नोंदवतो. छोट्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंगही विजेवर चालतं आणि करंट भरपूर खातं, त्यामुळे ते लवकर कुरकुरतं.

आता हॉर्न वाजतो, मग सेल्फ का नाही? इथे शाळेतला ओहमचा नियम काढा. समजा क्लॅम्प सैल आहे आणि तिथे फक्त ०.०२ ओहमचा अडथळा आहे. हॉर्न साधारण ५ अँपिअर घेतो, म्हणजे तिथे ०.१ व्होल्ट वाया. कळतही नाही. सेल्फची मोटर १५० अँपिअर मागते, म्हणजे सरळ ३ व्होल्ट त्या सैल जागी गडप. म्हणून "दिवे लागतात म्हणजे कनेक्शन ठीक आहे" हे वाक्य खोटं आहे. दिव्यांना लागतंच किती!

मल्टिमीटर चार-पाचशे रुपयांत मिळतो. डीसी २० व्होल्टवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरीवर १२.६ च्या आसपास दिसलं म्हणजे ती भरलेली आहे. मामाची तेवढीच होती. आता खरी चाचणी. मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरी त्याच खुंटीवरच्या क्लॅम्पवर. हो, दोन्ही पिना अर्ध्या इंचात. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. तिथे जवळपास शून्य दिसायला हवं. मामाच्या गाडीत प्लसकडे ४ व्होल्ट दिसले! बॅटरी १२ देत होती आणि मोटरपर्यंत ८ पोचत होते.

क्लॅम्प उघडला. आतमध्ये पत्र्याची पट्टी कोंबलेली. जुन्या बॅटरीच्या खुंट्या जाड होत्या, नवीच्या बारीक. क्लॅम्प पूर्ण आवळूनही घट्ट बसेना, म्हणून कुणीतरी हा उपाय केला होता. बॅटरीच्या दुकानात बारीक खुंटीवर बसवायची शिशाची टोपी मिळते, साठ रुपयांना दोन. पॉलिश पेपरने क्लॅम्प घासला, टोप्या बसवल्या, आवळलं. पहिल्या सेल्फला गाडी चालू. चालू इंजिनवर बॅटरीशी १४.२ व्होल्ट, म्हणजे अल्टरनेटरही ठणठणीत. कोड पुसले, परत आले नाहीत. पैठण्या वेळेत नाशिकला पोचल्या.

प्लसकडे काही सापडलं नाही तर तीच चाचणी मायनसच्या खुंटीपासून इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत करा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी सैल किंवा गंजलेली आहे.

काही गोष्टी मात्र बिघाड नसतात. बॅटरी काढली की काही गाड्यांचा आयडल थोडे किलोमीटर वरखाली होतो, एका झटक्यात वर जाणारी काच अर्ध्यावर थांबते, म्युझिक सिस्टिम कोड मागते. काचेचं आणि कोडचं उत्तर गाडीच्या पुस्तिकेत असतं. ती वाचायला कुणी मनाई केलेली नाही.

बॅटरी घेताना नावाच्या शेवटी एल आहे की आर, ते जुनीशी जुळवून घ्या. त्यावर प्लस कोणत्या बाजूला ते ठरतं. क्षणभर जरी उलटी जोडली तरी मोठा फ्यूज उडतो, कधी अल्टरनेटरचे डायोडही जातात. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. नाहीतर प्लसवरचा पाना बॉडीला टेकला की ठिणगी. आणि अल्टरनेटर तपासायला चालू गाडीत बॅटरीची वायर काढणारे उस्ताद अजून आहेत. त्यांना थांबवा. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि मग ईसीएम खरंच जाऊ शकतो.

राहिली रात्रीत उतरणारी बॅटरी. गाडी लॉक करून अर्धा तास झोपू द्या. मग तिचा खर्च साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. अर्धा अँपिअर जात असेल तर दिवसाला १२ अँपिअर-तास, म्हणजे ३५ ची बॅटरी तीन दिवसांत आडवी. असं असेल तर आधी बाहेरून बसवलेला जीपीएस ट्रॅकर आणि डॅशकॅम काढून बघा, मग एकेक फ्यूज.

तुमच्या गाडीचे तीन आकडे मला पाठवा: उभी असताना, सेल्फ मारताना, आणि चालू असताना. सोबत क्लॅम्पचा फोटो. पत्र्याची पट्टी निघाली तर तो आधी पाठवा.