रात्रीचा हिरवा दिवा : आमच्या ऑफिसातल्या आयएसडीएन राउटरची गोष्ट

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला सांगितलं, "तुमच्या ऑफिसात ते नवीन इंटरनेटचं यंत्र बसवलंय ना, त्याबद्दल वीस मिनिटं बोला. हल्ली घरोघरी कॉम्प्युटर येतायत, लोकांना उपयोग होईल." मी हो म्हणालो. पण आधीच सांगतो, मी इलेक्ट्रॉनिक्सवाला नाही. बिल्डिंगची स्ट्रक्चरल ड्रॉइंग्ज करून पोट भरणारा माणूस आहे. तेव्हा यंत्र कसं बसवलं ते सांगेन, आणि बसवताना माझ्या हातून जी चूक झाली तीही सांगेन. कारण त्या चुकीचा त्रास माझ्या खिशाला झालाच, पण आपल्याच सोसायटीतल्या एका घराला जास्त झाला.

तळमजल्यावरचा आमचा गाळा तुम्हाला माहीतच आहे. सहा कॉम्प्युटर, पाच माणसं. २००० सालच्या पावसाळ्यापर्यंत आमचं इंटरनेट म्हणजे एक मोडेम. तो फोनच्याच लाइनवर. एकाने ड्रॉइंग पाठवायला घेतलं की बाकीच्यांनी ओरडायचं, "फोन उचलू नका रे!" आणि नेमका कोणीतरी उचलायचाच. मग पहिल्यापासून सुरू.

हिशोब साधा आहे. मोडेमवर छप्पन्न के लिहिलेलं असलं तरी तो वेग आपल्याकडे येणाऱ्या मजकुराचा. आपल्याकडून जाणाऱ्याचा जास्तीत जास्त ३३.६. तीन मेगाबाइटचं ड्रॉइंग मुंबईला पाठवायचं तर, सगळं सुरळीत चाललं तरी, बारा मिनिटं. आयएसडीएनच्या एका चॅनेलवर वेग ६४, तेच ड्रॉइंग साडेसहा मिनिटांत. दोन्ही चॅनेल एकत्र लावले तर १२८, म्हणजे सव्वातीन मिनिटं. शिवाय एका चॅनेलवर इंटरनेट चालू असताना दुसऱ्यावर फोन करता येतो. म्हणून अर्ज केला.

मला वाटलं होतं नवीन केबल टाकतील, रस्ता खणतील. तसं काही नाही. तीच जुनी तांब्याच्या दोन तारांची जोडी. एक्स्चेंजमध्ये त्या जोडीच्या टोकाला वेगळं कार्ड लावतात आणि आपल्या भिंतीवर एक डबी बसवतात. तिला एनटी-वन म्हणतात. बाहेरच्या दोन तारा डबीत जातात, आणि डबीतून आपल्या यंत्रांसाठी चार तारांची लाइन निघते. या लाइनवर तीन वाटा असतात. दोन मोठ्या, ६४ च्या, त्यांवरून आवाज किंवा माहिती जाते. तिसरी लहान, १६ ची. कॉल लावणे, तोडणे, कोणाचा फोन आला ते कळवणे, ही कामं तिच्यावरून चालतात. त्यामुळे मोडेमची ती कर्कश शिट्टी गेली. कॉल एक-दोन सेकंदांत लागतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे याच सोयीने मला गोत्यात आणलं.

आता राउटर. हा एनटी-वनच्या पुढे बसतो आणि ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर त्याला जोडतात. पहिली सूचना : एनटी-वनकडून येणाऱ्या वायरचा प्लग आणि कॉम्प्युटरच्या नेटवर्कचा प्लग दिसायला सारखेच, आठ पट्ट्यांचे. एकाच्या भोकात दुसरा बसतो, पण चालत नाही. मी एकाला लाल आणि दुसऱ्याला निळी टेप लावली. झाडणाऱ्या मावशींनी वायर काढली तरी त्याच परत नीट लावतात.

दुसरी गोष्ट, सेटिंग. राउटरबरोबर येणारी कन्सोलची वायर कॉम्प्युटरच्या मागच्या सिरियल पोर्टला लावायची, हायपरटर्मिनल उघडायचं, वेग ९६०० ठेवायचा. काळ्या पडद्यावर राउटर बोलायला लागतो. सगळ्यात आधी फॅक्टरीचा पासवर्ड बदला. मग एक्स्चेंजचा प्रकार सांगावा लागतो. मी पुस्तकातलं उदाहरण जसंच्या तसं उतरवलं, आणि दोन दिवस लाइन जागी होईना. ते उदाहरण अमेरिकेतल्या एक्स्चेंजचं होतं. आपल्याकडे युरोपातली पद्धत आहे, नेट-थ्री नावाची. तो एक शब्द बदलला आणि दिवा लागला. मग इंटरनेट कंपनीचा नंबर, आपलं युजरनेम, पासवर्ड. इथवर मोडेमसारखंच.

पुढचं जरा समजून घेण्यासारखं आहे. इंटरनेट कंपनी आपल्याला पत्ता देते एकच, आणि कॉम्प्युटर सहा. मग कसं? आपली सोसायटी डोळ्यांसमोर आणा. बाहेरच्या जगाला पत्ता एक, गेट एक. आत मात्र प्रत्येक फ्लॅटला नंबर. राउटर आतल्या मशीनना १९२.१६८.१.२, १९२.१६८.१.३ असे घरातले नंबर वाटतो. हे नंबर बाहेर चालत नाहीत. आतून कोणी बाहेर निरोप पाठवला की राउटर गेटवरच्या वहीत लिहून ठेवतो, हा निरोप अमक्या फ्लॅटचा. उत्तर आलं की वही बघून त्याच फ्लॅटला पोचवतो. ज्याची नोंद वहीत नाही, असा बाहेरचा माणूस गेटवरूनच परत.

आणि शेवटची गोष्ट, माझ्या चुकीची जागा. आयएसडीएन ही कायम चालू असणारी लाइन नव्हे. तो फोनचा कॉलच आहे, मीटर पडतो. म्हणून राउटरला सांगून ठेवायचं की आतून कोणाला बाहेर जायचं असेल तेव्हाच कॉल लाव, आणि काही वेळ कोणी काही पाठवलं नाही की तोड. मी लिहिलं, कोणीही काहीही मागितलं तरी लाव. पाच मिनिटं शांतता झाली की तोड. आणि वेग मिळावा म्हणून दोन्ही चॅनेल लगेच उघड. चालू झालं, ड्रॉइंग सव्वातीन मिनिटांत मुंबईला पोचलं, मी सगळ्यांना पेढे वाटले.

दोन-तीन आठवड्यांनी आपले वॉचमन मामा मला म्हणाले, "साहेब, तुमच्या ऑफिसात रात्री हिरवा दिवा लागतो, परत विझतो. दोन वाजता बघितला, तीन वाजता बघितला." मी म्हणालो, "मामा, मशीन आहे ते, दिवे लागायचेच." आणि विसरून गेलो.

मग दोन महिन्यांचं बिल आलं. मोडेमच्या काळातल्या बिलाच्या चौपट. मी टेलिफोन ऑफिसात जाऊन कॉलचा तपशील मागितला. बहुतेक सगळे कॉल रात्रीचे! रात्री आठपासून सकाळी नऊपर्यंत.

आणि इथे मी जे केलं ते सांगायला आजही जड जातं. ऑफिसची दुसरी किल्ली कोणाकडे होती हे इथल्या पुष्कळ जणांना माहीत आहे. सी विंगमधला, आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाढलेला मुलगा. कॉलेज करून संध्याकाळी माझ्याकडे ड्राफ्टिंग करायचा. कॉम्प्युटरची आवड, वय वीस. मला दुसरं काही सुचलंच नाही. त्याला बोलावून म्हणालो, "किल्ली दे. उद्यापासून सहाला निघायचं." तो म्हणाला, "काका, मी रात्री कधीच आलो नाही." मी म्हणालो, "मग बिल काय आपोआप येतं?"

खरं म्हणजे तेच झालं होतं. आपोआप आलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. संध्याकाळी त्याची आई आली. दारातच उभी राहिली, आत यायला तयार नाही. म्हणाली, "भाऊजी, तुमचं नुकसान झालं असेल तर आम्ही हप्त्याने भरू. पण एकदा मामांची वही बघा आणि मग मला सांगा, माझं पोर रात्री कुठे होतं." एवढं बोलून गेली.

मी वही बघितली. कमिटीने मामांना गाळे बंद होण्याची वेळ लिहायला सांगितलेली आहे, आणि मामा ती रोज लिहितात. आमचा गाळा साडेसात, पावणेआठ, फार तर सव्वाआठला बंद. त्यानंतर उघडल्याची एकही नोंद नाही. मामा म्हणाले, "मी तुम्हाला दिव्याचं सांगितलं होतं की."

त्या रात्री मी ऑफिसात बसलो. राउटरला सांगून ठेवलं की कॉल लावशील तेव्हा कोणासाठी लावलास ते पडद्यावर लिही. मामांनी चहा आणून दिला. साडेनऊला पहिला कॉल. पडद्यावर आतल्या मशीनचा नंबर आला, आणि तो आमच्या मोठ्या कॉम्प्युटरचा होता. सगळ्यांच्या फायली त्यावर असतात म्हणून तो रात्रंदिवस चालू असतो. पंधरा मिनिटांनी परत. परत पंधरा मिनिटांनी. ऑफिसात मी एकटा, कीबोर्डला कोणाचा हात नाही.

कारण असं निघालं. विंडोजला शेजारच्या मशीन शोधत राहण्याची सवय असते. त्या मोठ्या कॉम्प्युटरवर एका जुन्या मशीनच्या फोल्डरची जोडणी करून ठेवलेली होती. ते जुनं मशीन मी स्वतःच मुलीला शिकायला घरी नेलं होतं, जोडणी तोडायला विसरलो. हा आपला थोड्या थोड्या वेळाने त्याला हाक मारतोय. ऑफिसात सापडलं नाही की बाहेरच्या नावांच्या डिरेक्टरीला, म्हणजे डीएनएसला विचारतोय. डीएनएस इंटरनेटवर. त्यासाठी राउटर इमानाने कॉल लावतोय. एक प्रश्न, "सापडत नाही" असं एक उत्तर, मग पाच मिनिटं शांतता, मग तोड. तासाला चार, तेरा तासांत बावन्न. दोन्ही चॅनेल उघडायचे, आणि प्रत्येक चॅनेलचा कॉल वेगळा धरला जातो, म्हणजे एकशेचार. मोडेम असता तर त्याच्या शिट्टीने पहिल्याच दिवशी कळलं असतं. हे यंत्र गुपचूप काम करतं.

सकाळी सातला मी सी विंगमध्ये गेलो. वहिनींनी दार उघडलं. मी किल्ली पुढे केली आणि चुकलो म्हणालो. मुलगा आतून आला, क्षणभर बघत राहिला आणि म्हणाला, "काका, कॉल लावायच्या यादीतून नावांची चौकशी काढून टाकली का?" मी म्हणालो, "नाही, ती तूच काढ." आज तो समोर तिसऱ्या रांगेत बसलाय. ही गोष्ट सांगू का, असं त्याला आणि वहिनींना दोघांनाही विचारूनच सांगतोय.

आता आम्ही दोघांनी मिळून काय दुरुस्त केलं ते थोडक्यात. कोणी बसवणार असेल तर टिपून घ्या.

एक. बंद झालेल्या मशीनच्या जोडण्या तोडल्या. मेल बघण्याचा प्रोग्रॅम दर दहा मिनिटांनी आपोआप बघायचा, तेही बंद केलं. बघायची तेव्हा बटण दाबून बघायची.

दोन. कोणत्या मागणीसाठी कॉल लावायचा याची यादी केली. विंडोजची नावं शोधण्याची चौकशी, म्हणजे पोर्ट १३७ ते १३९, त्या यादीतून वगळली. चौकशी होत राहते, पण तिच्यासाठी कॉल लागत नाही.

तीन. दुसरा चॅनेल लगेच न उघडता, पहिला पाऊणएक भरला तरच उघडायचा.

चार. शांततेची वेळ फार कमी करू नका. माणूस पान वाचत असतानाच लाइन तुटली तर पुढच्या क्लिकला नवीन कॉल, नवीन मीटर. वेळ कापण्यापेक्षा नको असलेला कॉल कापावा.

पाच. एनटी-वन आणि राउटरला वीज लागते. लाइट गेली की आयएसडीएनवरचा आमचा फोन बंद पडतो. साध्या फोनला एक्स्चेंजमधून वीज येते, तो चालू राहतो. आमच्या ऑफिसचा फोन रात्री-अपरात्री डॉक्टरला बोलवायला सगळे वापरतात, म्हणून एक साधी लाइन मुद्दाम ठेवली आहे, आणि दोन्ही डब्या यूपीएसवर घेतल्या आहेत.

सहा. सगळी सेटिंग कागदावर लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवली. महिन्यातून एकदा कॉलची यादी दोघंजण बघतो.

पुढचं बिल जुन्या बिलाच्या जवळपास आलं. पैसे गेले ते गेले. पण त्या मुलाला जे बोललो ते मात्र अजून आठवतं. यंत्राने काय केलं हे यंत्राला विचारता येत होतं, वहीत बघता येत होतं, मामांनी तर आपणहून सांगितलं होतं. ते सगळं सोडून मी जवळच्या माणसावर संशय घेतला, कारण ते सोपं होतं. पंचवीस वर्षं आपण एका गेटच्या आत राहतोय. पाण्याची टाकी का रिकामी झाली, जिन्यातला दिवा कोणी फोडला, असे प्रश्न पुढेही येणारच. तेव्हा आधी वही बघावी, रात्री जागणाऱ्या माणसाचं ऐकावं, आणि मग बोलावं, एवढंच माझं सांगणं आहे.

कोणाला राउटर बसवायचा असेल तर संध्याकाळी गाळ्यात या. मी चहा देईन, सेटिंग तो करून देईल. किल्ली त्याच्याकडेच असते.