लोहमार्ग आणि करवीरची हवा

(कोल्हापूर येथील व्याख्यानाचा मजकूर)



करवीरनगरीत मिरजेहून आगगाडी आली ती १८९१ साली. पुढे १८९५ मध्ये राजर्षी शाहू छत्रपतींनी शाहूपुरीची पेठ वसविली आणि येथील गुळाला दूरच्या बाजारांची वाट मोकळी झाली. त्या लोहमार्गाकडे आज पर्यावरणाच्या दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे.

पोलादी चाक पोलादी रुळावरून जाते तेव्हा त्यास अवरोध अत्यल्प होतो. रबरी टायर मात्र रस्त्यावर सतत दबतो आणि त्यात शक्ती वाया जाते. म्हणूनच तेवढ्याच प्रवाशांना वाहून नेण्यास भरलेल्या आगगाडीला मोटारींपेक्षा पुष्कळ कमी ऊर्जा लागते. आता मिरज-कोल्हापूर मार्गाचे विद्युतीकरण झाले आहे. आपली बरीचशी वीज अद्याप कोळशापासूनच होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु विजेचे इंजिन उद्या सौरऊर्जेवरही धावेल. डिझेलच्या इंजिनास ती सोय नाही.

हा विचार आपल्या उंबरठ्यापाशी येऊन ठेपला आहे. तापलेली हवा अधिक बाष्प धरते व अतिवृष्टीचा धोका वाढविते, असे विज्ञान सांगते. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचे पाणी ज्यांच्या घरात शिरले, त्यांना याहून अधिक सांगणे न लगे.

तेव्हा मुंबईस एकट्यासाठी मोटार काढण्यापूर्वी महालक्ष्मी एक्स्प्रेसचे स्मरण ठेवावे. शाहू छत्रपतींच्या काळी लोहमार्गाने व्यापार वाढविला. त्याच मार्गाने आज आपण हवा राखावी, एवढीच विनंती.