प्रथिने घडविणारे जनुक आणि क्षयरोगाचे औषध

(इंदूर येथे मराठी भाषक शिक्षक व ग्रामीण कार्यकर्ते यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



इंदूरचे मनोरमाराजे क्षय रुग्णालय आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्यामुळे क्षयरोगाचा विषय या नगरीत केवळ पुस्तकी राहत नाही. आज मी या रोगाच्या जीवाणूतील एका जनुकाविषयी बोलणार आहे. औषधाचा घाव त्याच्याशी निगडित असलेल्या यंत्रावर बसतो. औषध लागू पडेल की नाही, हेही तेच जनुक सांगते. आणि औषध कोणास अपाय करील, याची सूचना त्याचे मानवी शरीरातील भावंड देते.

प्रत्येक पेशीचा व्यवहार प्रथिनांवर चालतो. जनुकातील मजकुराची प्रथम आरएनएच्या रूपाने नक्कल होते. त्या नकलेबरहुकूम एकेक अमिनो आम्ल जोडले जाऊन प्रथिन तयार होते. या क्रियेस भाषांतरण म्हणतात आणि ती ज्या सूक्ष्म यंत्रावर घडते, त्यास रिबोसोम. त्याच्या रचनेच्या संशोधनाबद्दल बडोद्यात शिकलेले वेंकटरामन रामकृष्णन यांस थॉमस स्टाइट्झ व अदा योनाथ यांच्यासमवेत २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

क्षयरोगावरील पहिले प्रभावी प्रतिजैविक स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेत सापडले. ते जीवाणूच्या रिबोसोमला चिकटते, भाषांतरण बिघडते आणि जीवाणू मरतो. अमिकासिनही याच मार्गाने कार्य करते. आपल्या पेशीतील मुख्य रिबोसोमची घडण निराळी असल्याने तो बहुतांशी सुरक्षित राहतो.

जीवाणूच्या रिबोसोमचा एक महत्त्वाचा भाग 'आर-आर-एस' नावाच्या जनुकापासून बनतो. पुष्कळ जीवाणूंत या जनुकाच्या अनेक प्रती असतात. क्षयाच्या जीवाणूत मात्र एकच. म्हणून तीत एका अक्षराचा फेरबदल झाला तरी पुरतो. १४०१ व्या स्थानी 'ए' ऐवजी 'जी' आले की अमिकासिन निष्प्रभ ठरते. पूर्वी हे कळण्यासाठी जीवाणू प्रयोगशाळेत वाढवावा लागे व त्यात कित्येक आठवडे जात. आता 'लाइन प्रोब' चाचणीत पट्टीवर उमटणाऱ्या रेघांवरून हा बदल काही दिवसांत ओळखता येतो. जे जनुक औषधाचे लक्ष्य, तेच प्रतिकाराची ओळखखूण झाले.

आता मानवी बाजू पाहू. आपल्या पेशींना ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिका मुळात प्राचीन जीवाणूंपासून आलेल्या आहेत. त्यांचे स्वतःचे रिबोसोम आहेत व त्यांची घडण जीवाणूंच्या रिबोसोमशी मिळतीजुळती आहे. काही कुटुंबांत तंतुकणिकेच्या जनुकात १५५५ व्या स्थानी असाच एका अक्षराचा बदल असतो, असे १९९३ साली दाखविण्यात आले. त्यामुळे हे रिबोसोम जीवाणूंच्या रिबोसोमसारखेच अधिक भासतात. अशा व्यक्तीस या वर्गातील इंजेक्शन नेहमीच्या मात्रेत दिले तरी कायमचे बहिरेपण येऊ शकते. हा बदल आईकडून सर्व मुलांकडे जातो. वडिलांकडून जात नाही. मात्र हा बदल नसलेल्यांनाही दीर्घकाळ इंजेक्शने घेतल्यास श्रवणदोष होऊ शकतो, हे विसरू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत कॅनामायसिन व कॅप्रिओमायसिन ही इंजेक्शने क्षयोपचारातून वगळण्यास सांगितले. २०२४ साली केंद्र शासनाने बहुऔषधरोधी क्षयरोगासाठी सहा महिन्यांच्या, पूर्णतः तोंडावाटे घ्यावयाच्या चार औषधांच्या उपचारास मान्यता दिली. त्यातील लिनेझोलिड हेही रिबोसोमवरच कार्य करते. तंतुकणिकांनाही त्याची झळ पोचते. म्हणून रक्ताच्या तपासण्या करतात आणि हातापायांना मुंग्या येतात काय, याची विचारपूस करतात.

तथापि, अमिकासिन व जेंटामायसिन ही इंजेक्शने अन्य गंभीर जंतुसंसर्गांत, विशेषतः नवजात बालकांत, आजही प्राण वाचवितात. इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे बालकाच्या गालातील नमुन्यावरून हा धोका सुमारे २६ मिनिटांत ओळखणारी चाचणी वापरण्यात आली. तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले.

अशी चाचणी प्रत्येक गावी उपलब्ध नसली, तरी एक प्रश्न विचारण्यास यंत्र लागत नाही. 'आईच्या बाजूस इंजेक्शनांनंतर कोणाचे कान गेले आहेत काय?' उत्तर होकारार्थी असल्यास इंजेक्शनापूर्वी डॉक्टरांना अवश्य सांगावे. निर्णय मात्र त्यांच्यावर सोपवावा. भीतीपोटी आवश्यक इंजेक्शन नाकारणे हेही प्राणावर बेतू शकते. उपचार चालू असता कानांत आवाज होऊ लागले, ऐकू कमी आले वा तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी कळवावे.

शिक्षकांनी हा प्रश्न पालकसभेत समजावून सांगावा. ग्रामसेवक व आरोग्यसेविका यांनी तो घरोघरी विचारावा. क्षयाची शंका येताच थुंकीची तपासणी, औषधरोधाची चाचणी आणि पूर्ण मुदतीचा उपचार हा क्रम कोणी मोडू नये. जीवाणूत होणारा बदल आपल्या हाती नाही. अर्धवट उपचाराने त्या बदललेल्या जीवाणूस फोफावण्याची संधी न देणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.