सायकल पायांची, मग व्यायाम हातांना कशाला?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



हळदीकुंकू, गाणी आणि अहवाल यांच्यामध्ये सायकलीवर बोलायला मला उभे केले, याचे काहींना नवल वाटले असेल. पण आपल्या मंडळातल्या सात-आठ जणी हल्ली रविवारी पहाटे सायकली घेऊन चांदबिबी महालाचा चढ चढतात, आणि येत्या थंडीत त्यांना दोनशे किलोमीटरांची फेरी पुरी करायची आहे. त्यांनी मला विचारले, "घरदार सांभाळून आठवड्याला वेळ तो केवढा मिळायचा! तो सगळा सायकलीला द्यावा, की त्यातला थोडा हात, खांदे, पाठ यांच्या व्यायामाला काढावा?" त्याचे उत्तर आज सर्वांसमक्ष देते, कारण ते सायकल न चालवणाऱ्या भगिनींच्याही उपयोगाचे आहे.

आधी विरुद्ध बाजू ऐका. सायकल चालते ती पायांच्या जोरावर आणि छातीतल्या दमावर. लांब पल्ल्याचे निष्णात शर्यतपटू पाहिले, तर त्यांचे दंड काठीसारखे बारीक असतात. चढावर अंगावरचा प्रत्येक किलो वर ओढावा लागतो. सायकलीसकट आपले वजन ७५ किलो धरले आणि खांद्या-दंडांवर एक किलो मांस चढले, तर अर्ध्या तासाच्या चढाला वीस-पंचवीस सेकंद जास्त लागतील. वजने उचलल्याने सायकलपटूंना लाभ होतो, हे प्रयोगांत दिसले आहे. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, १८५ मिनिटे सायकल चालवून थकल्यावरही शेवटच्या पाच मिनिटांच्या जोरात सुमारे सात टक्के वाढ आढळली. पण तो व्यायाम पायांचा होता! नुसत्या हातांच्या व्यायामाने लांबच्या पल्ल्यात वेग वाढतो, असे म्हणायला भक्कम पुरावा नाही. तेव्हा केवळ वेगासाठी दंड कमवायचे असतील, तर माझे उत्तर "नको" असे आहे.

पण आपल्याला शर्यत कुठे जिंकायची आहे? आपल्याला पल्ला गाठायचा आहे. दोनशे किलोमीटरांच्या फेरीला साडेतेरा तासांची मुदत असते. एवढा वेळ बाईने पुढे वाकून, हातांवर भार देऊन आणि मान वर उचलून बसायचे असते. मी स्वतः गेल्या वर्षी ती फेरी केली. पायांची तयारी चोख होती. पण दीडशे किलोमीटर झाले आणि मान वर धरवेना; करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर झाले. फेरी पुरी केली खरी, पण पुढचे तीन आठवडे ब्लाउजचे हूक लावायला मला सुनेला हाक मारावी लागे. पाय दुसऱ्याच दिवशी ताजे झाले होते, हे विशेष.

असे का होते? आपले डोके साधारण साडेचार-पाच किलो वजनाचे असते, वर शिरस्त्राणाचा भार. वाकून बसून पुढचा रस्ता पाहताना ते ओझे मानेमागचे स्नायू तासन् तास पेलतात. कंबर-पोटाचे स्नायू थकले की धड खाली झुकते आणि सगळा भार तळहातांवर येतो. मनगटाजवळ, तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला एक मज्जातंतू वरवरच असतो. तो दाबला गेला की ती दोन बोटे बधिर होतात.

अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरांची सायकल-शर्यत असते. १९८३ साली तिच्यात मायकेल शर्मर या स्पर्धकाची मान अशी ढिली पडली, की डोके वर उचलेना. त्या दुखण्याला आज त्याच्याच नावाने ओळखतात. पाय शाबूत असूनही मानेपायी माघार घेण्याची पाळी त्यानंतर कित्येकांवर आली. याच शर्यतीत नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली जोडीने यश मिळवले. २०१७ साली लष्करी डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने पुरी केली, आणि त्यांच्यामागून काही तासांतच नागपूरचे डॉ. अमित समर्थ पोहोचले. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने तर २०१८ साली, अवघ्या विसाव्या वर्षी, सुमारे २९,००० किलोमीटरांची पृथ्वीप्रदक्षिणा १५९ दिवसांत केली. असे पल्ले नुसत्या मांड्यांच्या बळावर पुरे होत नाहीत; मान, पाठ आणि हात यांनाही रोज कामाला उभे राहावे लागते.

म्हणून माझे उत्तर असे: वेगासाठी नको, पण टिकाव धरण्यासाठी अवश्य. आठवड्यातून दोन दिवस, वीस-वीस मिनिटे पुरेत. भिंतीला हात टेकून जोर काढावेत, ते सोपे वाटू लागले की जमिनीवर. कोपरे टेकून सारे अंग फळीसारखे ताठ धरावे. ओणवे होऊन पाण्याने भरलेली बाटली कोपर मागे नेत उचलावी. दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन अंगणात ताठ मानेने चालावे. शलभासनाने पाठ आणि मानेचा मागचा भाग घट्ट होतो. प्रत्येक प्रकार आठ-दहा वेळा, मग थोडी विश्रांती, मग पुन्हा एकदा. आणि पंधरवड्याने भार किंचित वाढवावा. मात्र सायकलीची बैठक आणि मूठ आपल्या मापाची नसेल, तर नुसता व्यायाम काय करणार? ती आधी नीट करून घ्यावी, हातमोजे वापरावेत, आणि दर थोड्या वेळाने हातांची पकड बदलावी. बधिरपणा गेला नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.

दोन शंका मला ठाऊक आहेत. पहिली, "दंड पुरुषांसारखे दिसू लागले तर?" भगिनींनो, स्नायू फुगवणारे संप्रेरक बाईच्या शरीरात पुरुषाच्या मानाने फारच थोडे असते. वीस मिनिटांत कुणी पहिलवान होत नाही! दुसरी शंका, "आम्ही दिवसभर राबतो, तोच व्यायाम नव्हे का?" आपल्या आज्या जाते ओढत, मुसळाने कांडत, विहिरीचे पाणी शेंदत, त्यांच्या खांद्यांत बळ होते. पण ते कष्ट सक्तीचे होते, आणि त्यांनी कित्येकींच्या पाठी वाकल्या. जाते गेले याचे मला दुःख नाही. त्याबरोबर खांद्यांतले बळही गेले, एवढेच माझे म्हणणे आहे. ते आता आपल्या मर्जीने आणि बेताबेताने परत मिळवायचे आहे.

शेवटी, ज्या कधीच सायकलीवर बसणार नाहीत त्यांच्यासाठी. पाळी थांबल्यावर बाईची हाडे झपाट्याने विरळ होऊ लागतात. सायकल हृदयाला चांगली, पण तिच्यावर शरीराचा भार हाडांवर पडत नाही. वर्षानुवर्षे रस्त्यावर सायकल चालवणाऱ्या शर्यतपटूंच्या कमरेच्या मणक्यांतही हाडे विरळ आढळली आहेत. हाडे भाराने बळकट राहतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० सालच्या मार्गदर्शनात प्रौढांना आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंच्या बळाचा व्यायाम सांगितला आहे.

तेव्हा माझी सूचना अशी, की दर मंगळवारी आणि शुक्रवारी शिवणवर्ग संपल्यावर हीच खोली अर्धा तास आपल्याला मिळावी. सामान म्हणून प्रत्येकीने पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक सतरंजी आणावी. सायकलवाल्या भगिनी थंडीत दोनशे किलोमीटर करून येतील. आणि त्या परत आल्यावर आपापले हूक आपल्या हाताने लावतील, एवढे झाले तरी माझे भाषण सार्थकी लागले असे मी समजेन.