रबराचा पातळ पडदा



आपल्या टोपी बाजारात दाढ दुखू लागली की रुग्णाची पहिली मागणी अजूनही एकच असते: काढून टाका! उपटणे स्वस्त, झटपट आणि रूढीसंमत. मुळातील नलिका स्वच्छ करून दाढ वाचवायची, तर दोन-तीन खेपा आणि बराच खर्च.

त्यातही मी दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवतो. लाळेतील जंतू आत शिरत नाहीत. बारीक सुई निसटली तरी घशात जात नाही. न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम या दंतवैद्याने १८६४ साली ही युक्ती काढली आणि व्यवसायबंधूंना ती विनामूल्य खुली केली. तरीही ‘वेळ मोडतो’ म्हणून अनेक जण ती टाळतात. प्रारंभी मीही त्यांच्यातलाच होतो.

एका वृद्ध शिक्षिकाबाईंची दाढ मी पडद्याविना भरली. वर्षाच्या आत हिरडी सुजली, दाढ काढावी लागली. पैसे परत केले. दाढ कोठून आणणार? बाई मात्र रागावल्या नाहीत, आणि तेच अधिक लागले.

तेव्हापासून पडद्याविना मी मुळाला हात लावीत नाही. ज्यांना झेपत नाही, त्यांच्याकडून पैसे हप्त्याने घेतो. काही रुग्ण कंटाळून उठून गेले, जाऊ दिले.