पेपरवाला आरमारमंत्री

गाडीला वेळ असला की आपण फलाटावरच्या व्हीलरच्या स्टॉलपाशी रेंगाळतो, मासिकं चाळतो. असे स्टॉल इंग्लंडात ज्यांनी मोठ्या प्रमाणावर उभे केले, त्या विल्यम हेन्री स्मिथ यांच्याविषयी आज बोलायचं आहे.

जन्म १८२५चा. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर वडिलांचा वर्तमानपत्रं गावोगाव पाठवण्याचा धंदा. मुलाला धर्मोपदेशक व्हायचं होतं, पण वडिलांपुढे काही चाललं नाही. मग भल्या पहाटे उठायचं, गठ्ठे बांधून घ्यायचे आणि पहिल्या गाडीत चढवायचे. गाडी चुकली की सगळी रद्दी! १८४८ साली त्यांनी रेल्वे कंपनीकडून ठेका मिळवून यूस्टन स्टेशनवर पहिला स्टॉल थाटला. चावट पुस्तकांना तिथं मज्जाव होता. १८६०पासून फिरतं वाचनालयही आलं: या स्टेशनवर पुस्तक घ्या, त्या स्टेशनवर परत करा. मला त्यांचं हे डोकं राजकारणापेक्षा जास्त आवडतं.

पैसा आला, पण मान? लिबरल मंडळींच्या रिफॉर्म क्लबनं त्यांना सभासद करून घेतलं नाही. पुढे ते काँझर्व्हेटिव्ह पक्षाकडून वेस्टमिन्स्टरमध्ये उभे राहिले. १८६५ साली पडले. निवडून आलेल्यांत होते तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल. १८६८ला उलट झालं. तत्त्वज्ञ घरी बसले, पेपरवाला पार्लमेंटात गेला. स्मिथ यांच्या बाजूनं पैसा पाण्यासारखा ओतला होता, हेही सांगायला हवं. निवडणुकीविरुद्ध अर्ज झाला, पण निवड टिकली.

१८७७ साली पंतप्रधान डिझरेलींनी त्यांना थेट आरमारमंत्री केलं. समुद्राचा गंध नसलेला माणूस! दुसऱ्याच वर्षी गिल्बर्ट आणि सलिव्हन यांची ‘एच.एम.एस. पिनाफोर’ ही संगीतिका रंगभूमीवर आली. तिच्यातला आरमारमंत्री वकिलाच्या कचेरीत दाराच्या मुठी घासून पुसून वर चढलेला. आपला मंत्री कट्टर रॅडिकल, म्हणजे काँझर्व्हेटिव्हांच्या अगदी उलट मताचा आहे, तेव्हा स्मिथ यांचा संशय कुणाला येणार नाही, असं गिल्बर्टनं आधीच लिहून ठेवलं होतं. लोक कसले ऐकतात! स्मिथ ‘पिनाफोर स्मिथ’ झाले ते झालेच.

१८८७पासून ते कॉमन्स सभागृहाचे नेते होते. वक्तृत्व बेताचंच. पण आयरिश सभासद रात्र रात्र कामकाज अडवत, तेव्हा हा माणूस न चिडता बसून राही आणि वेळ आली की चर्चा बंद करण्याचा ठराव मांडी. ६ ऑक्टोबर १८९१ रोजी ते वारले. त्याच दिवशी आयरिश पक्षाचे पार्नेलही गेले. स्मिथ अखेरपर्यंत सर किंवा लॉर्ड झाले नाहीत. सरदारकी मिळाली ती त्यांच्या मागे, त्यांच्या पत्नीला.